पिन लावली की दिवा जातो

“वापरात असता ना, तर एवढं झालं नसतं काका.” चिपळूणच्या दुकानातला तो मुलगा अगदी सहज बोलून गेला, मान वर पण न करता, एका हातात टूथब्रश आणि दुसऱ्या हातात आमच्या लॅपटॉपचा बोर्ड. नाना नुसतं ‘हं’ म्हणाले. मग परतीच्या वाटेवर मार्गताम्हाने गेलं, शृंगारतळी आली आणि गेली, मी चहाला थांबायचं का विचारलं तर नकोची मान हलवली. एरवी या रस्त्याला नाना गप्प बसणं शक्यच नाही, कुठल्या वळणावर एसटी कशी कलंडली होती आणि कुठल्या वाडीत कोणाची मुलगी दिलेली आहे हे ते दर वेळी नव्याने सांगतात आणि आम्ही दर वेळी नव्याने ऐकतो. त्या दिवशी काही नाही. मुलाचं काही चुकलं नव्हतं, तो लॅपटॉपबद्दलच बोलत होता. पण ते वाक्य माझ्याही डोक्यात जे बसलंय ते बसलंच, आणि खरं सांगायचं तर पटतंही आणि रागही येतो.

लॅपटॉप नानांचा. रिटायर झाल्यावर भावाने घेऊन दिलेला, जाडजूड, मांडीवर घेतला तर मांडी भाजेल असा. त्यावर नाना दोनच कामं करायचे, एक नारळ-सुपारीचा हिशोब आणि दुसरं म्हणजे कुलवृत्तांत. आमच्या कुळाचा कुलवृत्तांत आधी एकदा छापून झालेला आहे, पण त्यात आमच्या शाखेतल्या एका पणजोबांना मूलबाळ नव्हतं असं छापलंय, आणि त्यांची पतवंडं आम्ही इथे जिवंत बसलोय. नानांना ते इतकं लागलं की ते स्वतःच कामाला लागले. वेळणेश्वर, हेदवी, पालशेत, जिथे म्हणून कोणी भाऊबंद निघेल तिथे एसटीने जाऊन आले, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडच्या वह्या बघून आले, आणि गुहागरच्या ओटीवर बसून एका बोटाने सगळं टाइप केलं. मग गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पावसाच्या तोंडावर आम्ही त्यांना पुण्याला आणलं. निघताना लॅपटॉप त्यांनी स्वतः बांधला. आधी पंचात गुंडाळला, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, आत दोन डांबरगोळ्या टाकल्या, पिशवीला गाठ मारली आणि माजघरातल्या फडताळात ठेवून वर कडी लावली. बॅटरी आतच. शेजारच्या बिऱ्हाडात काकू बारा महिने असते, तिच्याकडे ठेवा म्हटलं तर म्हणाले नको, तिथे कोणीतरी हात लावेल.

गणपतीत आलो तेव्हा बाहेर काढला. बटण दाबलं. एरवी बटण दाबलं की आधी पंखा घुर्र करायचा, मग आतून डिस्कची बारीक टिकटिक यायची आणि मग कधीतरी सावकाश स्क्रीन उजळायचा. या वेळी काहीच नाही. ना आवाज, ना दिवा. सणाचं घर, माणसं भरलेली, आणि आपल्याकडे बंद पडलेल्या वस्तूभोवती जमली की प्रत्येक माणूस तज्ज्ञ. चुलतभाऊ म्हणाला चार्जर काढ, बॅटरी काढ आणि बटण अर्धा मिनिट दाबून धर, आत अडकलेला चार्ज निघून जातो. हे खरंय, पुष्कळदा एवढ्यावर चालू होतात, म्हणून केलं. नाही झाला. भाचा म्हणाला स्क्रीनच गेला असेल, टॉर्च मारून बघ, आत पुसट चित्र दिसेल. पण स्क्रीन गेला असता तर पंखा तरी फिरला असता ना, कॅप्स लॉकचा दिवा तरी लागला असता. मग रॅमवर आले सगळे. मागचं झाकण उघडून रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात भाच्याच्या कंपासमधल्या खोडरबराने हलक्या हाताने घासले, फुंकर मारून परत खटकन बसवली. त्याने नो डिस्प्लेवाले, म्हणजे चालू होतात पण स्क्रीन काळाच राहतो असे, बरेचसे उठतात म्हणतात, पण हा नो डिस्प्लेपर्यंत पोचलाच नव्हता. कोणीतरी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. काकू उकडीचे हात पुसत आली आणि म्हणाली, “अगो, आंबेमोहोरात घालू का कोलममध्ये?” तिने ते गंभीरपणे विचारलं की चेष्टेने हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी कामाचा निघाला तो वायरमन. आरासीची माळ लागत नव्हती म्हणून आलेला, हातात मल्टिमीटर होताच. त्याने आधी प्लग दुसऱ्या पॉइंटला लावला, आमच्या ओटीवरच्या पॉइंटवर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. मग अ‍ॅडॉप्टरच्या पिनला मीटर लावलं. एकोणीस व्होल्ट, व्यवस्थित. अ‍ॅडॉप्टरवरचा हिरवा दिवाही लागलेला. मग तो म्हणाला आता पिन लॅपटॉपला लावा, आणि माझ्याकडे बघू नका, दिव्याकडे बघा. पिन लावली आणि दिवा गेला. काढली, दोन-चार सेकंदात परत लागला. लावली, गेला. “बोर्डात शॉर्ट आहे ताई. अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवतोय. जास्त लावू नका, चिपळूणला न्या.” इतके सगळे उपाय करून झाल्यावर पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी बघितलं होतं. माझी तक्रार नाही, पण बटण दाबण्याआधी त्या इवल्याशा दिव्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

नानांनी एवढंच विचारलं, “त्यातलं लिहिलेलं?”

समुद्र आमच्या घरामागेच आहे. गुहागरला एक लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि पश्चिमेच्या घरांच्या मागे वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि वाळू. लहानपणी याचं केवढं कौतुक वाटायचं, आणि त्याची किंमत काय असते ते मोठेपणी दाराच्या कड्या बदलताना कळतं. इथे लोखंड टिकत नाही. बिजागरी गंजते, सायकलच्या रिमला फोड येतात, पंख्याची पाती कडेने कुरतडल्यासारखी होतात, फ्रिजचे पाय हातात येतात. खाऱ्या वाऱ्यातून मिठाचे कण येतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण सकाळी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं तर चिकट लागतं आणि जिभेला लावलं तर खारट. आणि मिठाचं काय होतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको, आषाढात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं आणि स्वतः विरघळतं. पावसाळ्यात इथली हवा दिवसचे दिवस ८० च्या खाली उतरत नाही. म्हणजे जिथे म्हणून मिठाचा कण बसलाय तिथे खाऱ्या पाण्याचा एक थेंब तयार, मग ती दाराची कडी असो नाहीतर बोर्डावरचं तांबं.

जुन्या माणसांना हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी बघितली तर सगळं त्यातच आहे. मे महिन्यात नळे परतून घ्यायचे, पश्चिमेला झाप बांधायचे, पोह्या-पापडांचे डबे, गाद्या, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, पोथ्यासुद्धा अंगणात उन्हाला ठेवायच्या. लाकडाला तेल, लोखंडाला ग्रीस. माझी आजी तर शिवणयंत्राला कडक ऊन दाखवून, तेल सोडून, वर जुनं लुगडं घालून ठेवायची, आणि पावसात दर आठ-पंधरा दिवसांनी काही शिवायचं नसलं तरी चाक फिरवून बघायची. वस्तू फिरती राहिली पाहिजे म्हणायची. लॅपटॉपला या यादीत कोणी घेतलंच नाही. तो शहरातून आला, त्याला कसलं ऊन दाखवायचं, असं काहीतरी आपल्या मनात असणार.

चिपळूणचं दुकान म्हणजे बाजारातल्या एका गल्लीतला अरुंद गाळा. समोर काउंटर, मागे टेबल, टेबलावर एक मोठ्ठं भिंग आणि एक डबा, ज्यावर लाल आकडे चमकतात. तो पॉवर सप्लाय. अ‍ॅडॉप्टरच्या जागी तो लावला की बोर्ड किती करंट खातोय ते आकड्यात दिसतं. त्या मुलाने समजावून सांगितलं, नानांना आवडतं तसं. आकडा शून्यावरच राहिला तर करंट आत जातच नाही, जॅक तुटला असेल नाहीतर पहिलाच फ्यूज उडाला असेल. थोडासा हलून थांबला तर बोर्ड जागा आहे, बटणाची वाट बघतोय. आणि एकदम वर उडाला तर शॉर्ट. आमचा वर उडाला. मागचं झाकण निघाल्यावर तर मीटरचीही गरज नव्हती. चार्जिंगच्या जॅकपासून आत बोटभर अंतरावर पांढरट हिरवी भुकटी होती, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याला चढते तशी. पिशवीत बांधलेला दमट पंचा, वर गाठ, म्हणजे आतली ओल बाहेर जायला वाट नाही. आणि बॅटरी आतच असल्यामुळे लॅपटॉप बंद असला तरी बोर्डाच्या काही भागात वीज असतेच, मीठ, ओल आणि वीज एकत्र आले की तांबं जागेवर राहत नाही, झिरपत झिरपत शेजारच्या रेषेपर्यंत जातं.

मग त्याने जे केलं ते बघण्यासारखं होतं. सप्लायचं व्होल्टेज एकदम खाली आणलं, व्होल्टभर, आणि तेवढंच त्या शॉर्ट झालेल्या लाइनमध्ये सोडलं. बोर्डावर आयपीए, म्हणजे चटकन उडून जाणारं अल्कोहोल, ओतलं, सगळीकडे एक ओला चकाकता पापुद्रा आला. “आता बघा काका, कुठे आधी सुकतंय.” आम्ही दोघं भिंगाजवळ डोकी घालून उभे. दोन सेकंद काही नाही, आणि मग मोहरीएवढ्या एका भागाभोवतीचं ओलं चटकन उडालं, कोरडा ठिपका तयार झाला. तोच शॉर्ट झालेला कपॅसिटर, करंट त्यातून जातो म्हणून तोच तापतो. गरम हवेच्या बंदुकीने त्याने तो उचलला, चिमट्यात धरून नानांना दाखवला. साखरेच्या दाण्यापेक्षा लहान, तपकिरी. परत सप्लाय लावला तर आकडा खाली आला, अ‍ॅडॉप्टर लावला तर दिवा राहिला, आणि नाना असे खूष झाले की मला वाटलं आता पेढे मागवतात. पण बटण दाबल्यावर पंखा अर्धा वेढा फिरला आणि थांबला. पुन्हा तसंच. ओल मोठ्या चिपच्या खाली शिरलेली, तिथे ब्रश जात नाही. बोर्ड बदलायचा म्हटलं तर तेवढ्यात सेकंडहँड अख्खा लॅपटॉप येतो. तेव्हाच तो ते वाक्य बोलला.

मी जरा वाद घातला. म्हटलं, अरे चालू असता तर पंख्याने खारी हवा उलट जास्त आत ओढली असती ना? तो म्हणाला ते पण बरोबर आहे, समुद्रकाठच्या लॅपटॉपचे पंखे काढले की आत नुसती चिकट वाळू-मीठ-धूळ. पण चालू लॅपटॉप गरम होतो, ओल धरू देत नाही, मीठ असलं तरी कोरडं राहतं. आणि दुसरं म्हणजे, वापरता तर लवकर कळलं असतं, एखादा यूएसबी पॉइंट चालेनासा झाला, चार्जिंग हळू झालं, तेव्हाच आणला असतात तर धुऊन दिला असता. धुऊन हा शब्द त्याने उगीच वापरला नव्हता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारात शिरली तेव्हा त्यांचा गाळा पूर्ण पाण्याखाली होता, आणि नंतर महिनाभर चिखलाने भरलेले कम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर येत राहिले. ज्यांनी चालू करून बघायचा मोह आवरला, लगेच बॅटरी काढली आणि स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन वाळवून आणले, त्यांच्यातले बरेच चालू झाले. ज्यांनी चिखलासकट उन्हात ठेवून दिले ते गेले. पुरात बुडालेला वाचतो आणि फडताळात जपून ठेवलेला जातो, असलं ऐकल्यावर नाना काय बोलणार?

आता त्या वाक्याबद्दल. आमच्या पाखाडीत बंद घरं आता मोजायची सोय राहिलेली नाही. कुलूप, दारावर वाळवीची मातीची रेघ, अंगणात गुडघाभर गवत, आणि गणपतीचे आठ-दहा दिवस तेवढे दिवे. आमचं त्यातलंच, अर्धं. भिंत एक, नळे एक, पाऊस एक, पण काकूच्या बाजूला न्हाणीघरात रोज चूल पेटते, धूर वर आढ्यापर्यंत जातो, तिच्या वाशांना वाळवी नाही आणि तिचा जुना डबा टीव्ही अजून चालतो. आमच्या बाजूला दार उघडलं की बुरशीचा तो वास येतो, थंड, गोडसर, नाकात बसणारा. त्यामुळे ‘वापरात असतं तर’ हे मला काही नवीन नाही. दर वर्षी कोणी ना कोणी म्हणतंच, घर उघडं राहिलं पाहिजे, माणूस राहिला पाहिजे. राग येतो तो याचा की सांगणारा नेहमी असं सांगतो जणू आम्ही कंटाळा केला. पोट पुण्या-मुंबईत आहे, नानांचा डॉक्टर तिथे आहे, तो गुडघा काही गुहागरला बदलून मिळणार नव्हता. जपून ठेवणं एवढंच आमच्या हातात असतं, म्हणून आम्ही डांबरगोळ्या घालतो, गाठी मारतो, कड्या लावतो. आणि त्या जपण्यानेच वस्तू जाते असं कोणी म्हटलं की काय करायचं ते कळत नाही. नाना तेच धरून बसले होते की आणखी काही, मी विचारलं नाही. आमच्यात तसं विचारत नाहीत.

डिस्क मात्र शाबूत होती. बोर्ड मेला म्हणजे लिहिलेलं गेलं असं नसतं, हे त्या मुलाने आधीच सांगितलं होतं. जुन्या लॅपटॉपात डिस्क वेगळी असते, दोन-चार स्क्रू काढले की हातात येते आणि केबलने दुसऱ्या कम्प्युटरला लावता येते. नव्या पातळ लॅपटॉपांत पुष्कळदा ती बोर्डालाच चिकटवलेली असते आणि वर कुलूपबंद असते, तिथे ही चैन नाही, म्हणून कॉपी बाहेर पाहिजेच. त्याच दुकानातून नानांनी एक वापरलेला लॅपटॉप घेतला आणि घरी येऊन फाइल उघडली. उघडली आणि इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हं यांचा नुसता काला. पानंच्या पानं. काकू मागून डोकावून म्हणाली, “हे आपलं कूळ?” नाना पांढरेफटक. मला मात्र हसू आलं, कारण या वेळी काय झालंय ते मला कळलं होतं. नानांनी सगळं युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाइप केलेलं. त्या फॉण्टांत ‘क’ हा कम्प्युटरच्या लेखी ‘क’ नसतोच, कुठलंतरी इंग्रजी अक्षर असतं, फक्त फॉण्ट त्याला मराठी कपडे घालतो. फॉण्ट नाही तर कपडे नाहीत. पण विंडोजच्या फॉण्टांचा फोल्डर जुन्या डिस्कवर होताच की. त्यातला तो एक फॉण्ट उचलून नव्या लॅपटॉपात टाकला, फाइल परत उघडली, आणि पणजोबा, त्यांची तीन मुलं, दोन बायका सगळे आपापल्या जागी हजर. आता ते हळूहळू युनिकोडमध्ये नेतोय, कन्व्हर्टरने होतं पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, तपासत बसावं लागतं.

ते तपासण्याचं काम सध्या काकूच्या ओटीवर चाललंय, कारण नवीन लॅपटॉप तिच्या बाजूला ठेवायचा असं ठरलं. म्हणजे नानांनी ठरवलं, कोणी त्यांना सांगितलं नाही. आम्ही नसलो तरी रोज तासभर चालू ठेवायचा अशी अट, आणि महिनाभर लावायचाच नसेल तर निम्मा चार्ज करून डाळीच्या डब्याशेजारी ठेवायचा, प्लॅस्टिकमध्ये नाही. काकूने अट लगेच मान्य केली, तेवढ्या वेळात तिच्या सिरियलचा एक भाग बसतो. परवा फोन केला तर मागे दोघांचं जोरात चाललेलं. काकूने सहज म्हणून स्वतःची नोंद वाचली होती आणि त्यात तिचं माहेर वेळणेश्वर लिहिलंय, ती हेदवीची. इतकी वर्षं हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. नाना म्हणत होते मी तुझ्या दिरांना विचारून लिहिलंय, काकू म्हणत होती दिरांना काय विचारता, मला विचारायचं होतंत, मी इथेच तर होते. “आणि आता खोडताय तर नीट खोडा, आणि माझ्या दोन बहिणींची पण नावं घाला.” नाना म्हणाले बहिणी आपल्या कुळात येत नाहीत. त्यावर ती जे बोलली ते ऐकू यायच्या आत तिने फोन स्पीकरवरून काढला.